हिवरवाडीच्या वेशीतला सुभाना

टेकू नका त्या दगडाला. फोटो नंतर काढा, आधी पायातले बूट काढा. लढाईत मेलेल्या माणसाचा हा वीरगळ आमच्या हिवरवाडीच्या वेशीत उभा आहे, पण माणूस आमचा नाही. ओढ्यापलीकडच्या सोनसळचा आहे. सोनसळकरांचं आणि आमचं कधी जमलं नाही, माझ्या हयातीत जमायचंही नाही. तुम्ही पाहुणे म्हणून उगाच गोड कशाला बोलू?

भांडण त्या खालच्या बंधाऱ्याचं. पाणी आधी कुणी वळवायचं, यावरून दर उन्हाळ्यात कोयते निघत. माणूस पडला की त्याच्या गावाच्या वेशीत दगड उभा राही. पूजेचा मान लहान पोरांचा. दगड कापडाने झाकलेला, पायथा तेवढा उघडा. पोरं पायथ्याला शेंदूर लावत, मग कापड काढत, आणि मग मोठी माणसं त्यांना दगडावर हात ठेवायला लावून वदवून घेत, 'याचा सूड घेऊ.' सात-आठ वर्षांची पोरं ती. मला तर ते सांगतानाही संताप येतो.

दोन्ही गावांचे दगड घडवणारं पाथरवटाचं घर एकच होतं, आमच्या गावात. नवरा गेल्यावर छिन्नी येसाईने हातात घेतली. तिचा एकुलता एक भिवा. त्यानेही सातव्या वर्षी शपथ घेतली होती, आणि चौदाव्या वर्षी पाखरं हाकायची गोफण घेऊन तो बंधाऱ्यावर गेला. सोनसळकरांनी त्याला तिथेच तोडला. त्याच दिवशी आमच्या लोकांनी त्यांच्या सुभानाला मारला.

दोन्ही गावांनी दगड सांगितले. येसाई रडली नाही, असे सांगतात. महिनाभर घरातून नुसते छिन्नीचे घाव ऐकू येत होते. मग झाकलेला एक दगड गाडीतून सोनसळला गेला, एक इथे आला.

पोरांनी शेंदूर लावला. कापड निघालं. दगडावर वीरगळावर असतो तसा स्वर्ग नव्हता, वीराला वर नेणाऱ्या अप्सरा नव्हत्या. डाव्या हाताला सहा बोटं असलेला एक माणूस आणि त्याच्या धोतराला धरून उभी असलेली त्याची लहान मुलगी. सहा बोटांचा सुभाना बाजारात सगळ्यांनी पाहिलेला.

"हा आपला कोण?" एका पोराने विचारलं.

पाटलाने पहार उचलली, म्हणे. येसाई दगडाला पाठ लावून उभी राहिली.

"फोडा की! माझा भिवा सोनसळच्या वेशीत उभा केलाय मी. हितं पहार पडली की तिथं बी पडंल. आन् शेंदूर तुमच्याच लेकरांनी लावलाय, तो कसा पुसता ते बघते मी."

पाटील म्हणाला, "मग पोरांना सांगायचं तरी काय?"

"खरं सांगा. त्याला कुणी मारला ते सांगा."

पहार खाली आली. प्रेमापोटी नव्हे बरं का. आपला भिवा त्यांच्या हातात होता, म्हणून. पलीकडेही तसंच झालं असणार, कारण तिथलाही दगड शाबूत राहिला. पाण्यावरून शिवीगाळ पुढेही झाली, अजून होते. कोयता मात्र पुन्हा निघाला नाही.

आजही चैत्रात, ते दोघे पडले त्याच तिथीला, दोन्ही गावांत पोरं दगड धुतात आणि त्यावर हात ठेवतात. आमची पोरं म्हणतात, "हा सुभाना. याला आम्ही मारलं." ते पाठ झाल्याशिवाय कुणाला प्रसाद मिळत नाही.

मी त्या दिवशी इथे थांबत नाही. बंधाऱ्यावर जाऊन बसतो. सोनसळचं पाणी मी पीत नाही, त्यांच्या लग्नाला जात नाही. पण पलीकडून त्यांच्या पोरांचा आवाज येईपर्यंत मला उठवत नाही. "हा भिवा. याला आम्ही मारलं." अजून एकही वर्ष चुकवलेलं नाही त्या लेकाच्यांनी.