परसातली दोरी

"उघडू का डबा, मावशी?"

म्हाळूच्या हातात पावडरच्या दुधाचा डबा होता. सोजरमावशी गावची सुईण. म्हाळूही तिच्याच हातावर जन्मलेला. तो तिला जवळजवळ ओढतच घरी घेऊन आला होता.

आई जाऊन दोन महिने झाले होते. बहिणीचं, शेवंताचं, पहिलंच बाळंतपण. माहेरी आता करायला कोण आहे, असं सासरच्यांनी विचारलं, तेव्हा म्हाळू म्हणाला होता, मी आहे.

आणि तो होता. डिंकाचे लाडू एकदा करपले, त्यानं पुन्हा वळले. लंगोट स्वतः धुतले. गल्लीतल्या बायका हसल्या, बाळंतीण नक्की कोण रे, तू का शेवंता? तेव्हापासून तो लंगोट परसात, कडब्याच्या गंजीआड वाळत घालायचा.

बाळ बारा दिवसांचं. घडीघडीला रडे, घडीघडीला अंगावर पिई. हिला दूधच नाही, असं शेजारणी म्हणत. पुढच्या दारालगतच्या बाजेवर पडल्या पडल्या शेवंताही आता तेच म्हणू लागली होती.

मावशी बाजेवर टेकली. बाळाला नीट छातीशी लावून दिलं. त्याच्या गिळण्याचा आवाज ऐकत बसली… मग बाळाचा लंगोट बदलला आणि ओला लंगोट घेऊन परसात आली. म्हाळू डबा घेऊन मागोमाग आला.

"वरचं काही पाजलंस?"

"पाण्याचा थेंब नाही. आईनं जाता जाता बजावलं होतं."

"दिवसाला लंगोट किती?"

"आठ. कधी नऊ." म्हाळूची मान ताठ झाली. "एकूण एक मी धुतो. आईनंसुद्धा नावं ठेवली नसती."

मावशीनं त्याचा मोकळा हात ओढला आणि ओला लंगोट त्याच्या तळहातावर पिळला.

"हे कुठून आलं?"

म्हाळूनं ओल्या तळहाताकडे पाहिलं.

त्यानं डबा न उघडताच खाली ठेवला.

"आई असती तर तिला कळलं असतं," तो म्हणाला. "मग आता मी काय करू?"

मावशीनं गंजीआड पाहिलं. दोरीवर आठ पांढरे लंगोट वाळत होते.

"ती दोरी सोड," ती म्हणाली, "आणि पुढच्या दारी बांध, शेवंताला दिसेल अशी."