रंगोजीची उचकी

पौष वद्य पंचमी होती, बरं का. थंडी अशी, की चुलीपुढून मांजर हलेना. त्या सकाळी रंगोजी पाथरवट घर सोडून डोंगराकडे निघाला.

रंगोजी जात्यांना टाकी लावायचा. म्हणजे दळून दळून गुळगुळीत झालेला दगड ठोकून पुन्हा खरबरीत करायचा. गावात घरटी जातं, आणि रंगोजी एकटाच. जेवायला बसला की दारात हाक, "रंगोजीभाऊ, पीठ जाड पडतंय हो." बायको गोदा म्हणायची, "आधी आपलं जातं बघा. भरड खाऊन दात हलायला लागले माझे." रंगोजी कंटाळला. "मला जरा एकटं राहू द्या," म्हणाला आणि गुहेत जाऊन राहिला.

मग काय विचारता. ऊन येईल तिकडे सरकायचं. कांदा फोडून खायचा, वास येतो म्हणणारं कुणी नाही. बेसूर गायचं, पुरे म्हणणारं कुणी नाही.

तेवढ्यात लागली उचकी. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, ठाऊक आहे ना? बरोबर नाव घेतलं की थांबते. रंगोजी म्हणाला, "पाटलीणबाई." थांबली. गायला लागला, पुन्हा उचकी. "तेलीणकाकू." थांबली. डोळा लागला, पुन्हा उचकी. "गोदा." थांबली, आणि लगेच सुरू झाली.

गुहेत एक म्हातारी घोरपड राहायची. ती वैतागली. "अरे, माझी झोप गेली. साऱ्या गावाला तुझा विसर पाडते. आठवण नाही तर उचकी कुठली? पण ऐक. पुन्हा कधी उचकी लागली आणि तू बरोबर नाव घेतलंस, तरच विसर फिटेल."

"पाड बाई, पाड," रंगोजी म्हणाला.

मग उचकी बंद. रंगोजी झोपला, गायला, पुन्हा झोपला. मग गाणी संपली. मग कांदेही संपले. घोरपडीला गोदाचं कौतुक सांगायला गेला, तर ती पाठ फिरवून झोपली. शेवटी तो घरी आला.

गोदा दारातच म्हणाली, "कोण हवंय, पाव्हणं?"

"अगं, मी तुझा नवरा."

"थंडीनं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. बसा, भाकरी खाऊन जा."

रंगोजी भाकरी खाता खाता विचार करू लागला. उचकी लागायची तर गोदानं आठवण काढायला हवी. आणि आठवण राहावी असं करायचं तरी काय? त्यानं तिच्या जात्याला टाकी लावून दिली आणि वेशीवर जाऊन बसला. गोदा मजेत दळत राहिली. उचकी नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ढीगभर लाकडं फोडून दिली. गोदानं चूल पेटवली, हात शेकले. उचकी नाही.

तिसऱ्या दिवशी रंगोजीनं आशाच सोडली. गोदानं ताट वाढलं. तो मान खाली घालून जेवत राहिला, जेवत राहिला, आणि दुःखाच्या भरात लोणच्याची अख्खी बरणी संपवून वेशीकडे गेला.

गोदानं बरणी उघडली. "मेल्या पाव्हण्या, खार तरी ठेवायचास रे."

वेशीवर रंगोजीला अशी उचकी लागली, की तो पारावरून खाली पडला. पडल्या पडल्या म्हणाला, "गोदा."

विसर फिटला. रंगोजी घरी पोचला तेव्हा गोदा रिकामी बरणी घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "अहो, होतात कुठं इतके दिवस? आणि हे काय केलंत?"

तेव्हापासून रंगोजी घरीच राहतो. अमावस्येला गावाचं काम बंद असतं, त्या दिवशी गुहेत एकटा बसतो आणि दिवेलागणीला परत येतो. लोणचं नवं घातलं. दोघं सुखात आहेत. चला, पांघरूण ओढा आणि डोळे मिटा.