श्रद्धांजली विशेषांक

“तुम्ही नाही म्हणालात, तर शोकसभेला अध्यक्ष म्हणून बसवायचं तरी कुणाला, अक्का?”

अक्कांनी मान वर केली नाही. त्या पाकिटं उलगडत होत्या.

वामन धारप समोर सतरंजीवर बसला होता. पन्नाशी उलटलेला माणूस, साप्ताहिकाचा संपादक, कुठल्याही परिषदेत पहिल्या रांगेत जागा राखलेली. पण गोदाक्कांच्या समोर आला की अजूनही मांडी घालून अंग चोरून बसायचा. दंगलीत जळत्या वस्तीच्या तोंडाशी रिकाम्या हातांनी कसं उभं राहायचं, हे त्याला याच शांतिकेंद्रात अक्कांनी शिकवलं होतं.

आलेलं पाकीट पात्यानं सोडवायचं, उलटं करून पुन्हा चिकटवायचं आणि वापरायचं, ही केंद्राची जुनी रीत. या आठवड्यात पाकिटांना तोटा नव्हता. शेवटचे दिवस केंद्रातच काढून दत्तोबा लोंढे गेला होता, आणि चळवळीतल्या झाडून सगळ्यांना त्याची आठवण झाली होती.

पाकिटातली पत्रं बाजूला पडली होती. पोकळी, पर्व, आधारवड... वामननं दोनचार चाळून पाहिली आणि ठेवून दिली. चळवळींचं हे असंच आहे. माणूस गेला की लगेच पोकळी निर्माण होते. असताना मात्र त्याला व्यासपीठावर खुर्ची मिळत नाही.

“पत्रं वाचलीत?” वामननं विचारलं.

“वाचली.”

“काय वाटलं?”

“मागची बाजू कोरी आहे. हिशेबाला होईल.”

वामन हसला. मग आपण हसायला नको होतं असं त्याला वाटलं.

तो खरं तर अध्यक्षपदासाठी आलाच नव्हता. शोकसभेला अध्यक्ष काय, पैशाला पासरी मिळतात. त्याला वेगळंच काही विचारायचं होतं, आणि एसटीत बसल्यापासून तो ते मनात घोळवत होता.

“शेवटी... काही बोलला का दत्तोबा? माझ्याबद्दल?”

अक्कांचे हात थांबले.

दत्तोबा, हमीद तांबोळी आणि वामन. तिघं एका ताटात जेवलेले. दंगलीत एकमेकांचे हात धरून साखळी केलेले. मग एका वर्षी शांततेसाठी म्हणून तिघांचा सत्कार ठरला, आणि शाल घालणारे हात होते एका पुढाऱ्याचे. त्याच्याच माणसांनी तांबोळी गल्ली पेटवली होती. दत्तोबा आणि हमीद म्हणाले, घ्यायची नाही. वामन म्हणाला, संवादाची दारं बंद करून कसं चालेल? आणि त्यानं शाल घेतली.

दोघांनी जाहीर पत्र काढलं, हमीदनं ते सभेत वाचलं. वामननं अग्रलेख लिहिला. ‘काही हेकट माणसांना शांततेपेक्षा स्वतःचं सोवळं प्यारं असतं.’ नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

तेव्हापासून बोलणं बंद. या लोकांत भांडण झालं असं कुणी म्हणत नाही, तात्त्विक मतभेद म्हणतात. भांडण मिटतं तरी. मतभेद मिटवायला कुणी पुढे येत नाही, कारण तत्त्वाला कमीपणा येतो.

“बोलला,” अक्का म्हणाल्या.

वामन सतरंजीवर पुढे सरकला.

“काय म्हणाला?”

“दर आठवड्याला विचारायचा, वामनचा अंक आला का?”

“वाचायचा?”

“डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी वाचून दाखवायची.”

“आणि?”

“ऐकायचा. कधीकधी म्हणायचा, हे वाक्य चांगलं जमलंय लेकाला.”

वामनला भडभडून आलं. आठवडाभर त्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते आता वाहायला लागलं. त्यानं चष्मा काढून सदऱ्यानं पुसला.

“म्हणजे राग नव्हता त्याच्या मनात,” तो म्हणाला. “नव्हता ना, अक्का?”

अक्कांनी त्याला पाणी प्यायला दिलं.

पाणी पिऊन वामनला हुशारी आली. मोकळं झाल्यासारखं वाटलं. त्यानं पिशवीतून कागद काढले. विशेषांकाचा पहिला लेख त्यानं स्वतः लिहिला होता. मृत्युलेख लिहावा तर धारपांनी, असं लोक म्हणत, आणि हे लोक म्हणतात ते वामनला ठाऊक होतं.

“ऐकता?”

“वाच.”

“‘दत्तोबा म्हणजे आमच्या चळवळीचा विवेक. आम्ही तडजोडीच्या उतारावरून घसरत होतो, तेव्हा त्यानं दंडाला धरून थांबवलं. त्याचा शब्द झोंबायचा, पण त्यात विष नसायचं. असा खरं बोलणारा मित्र मिळायला भाग्य लागतं, आणि आम्ही ते...’”

त्याचा आवाज भरून आला. पुढचं त्यानं डोळ्यांनीच वाचलं.

“चांगलं लिहिलंयस,” अक्का म्हणाल्या.

“खरंच?”

“खोटं कशाला सांगू? मनापासून लिहिलंयस. आता पुन्हा वाच. दत्तोबाच्या जागी हमीदचं नाव घाल.”

वामनला वाटलं, अक्कांचं वय झालं.

“हमीदचं?”

“हं.”

हमीद तांबोळी याच गावात होता. एसटी स्टँडच्या मागे, भावाच्या घरी, खाटेवर. पक्षाघातानं उजवं अंग गेलं होतं. एकदा येऊन जा, असा त्याचा निरोप वामनला मिळाला होता. पुन्हाही मिळाला होता. आज गाडीतून उतरल्यावर त्या घराची गल्ली लागली, तेव्हा वामननं रस्ता ओलांडून पलीकडची बाजू धरली होती.

त्यानं कागद डोळ्यांसमोर धरला.

“‘हमीद म्हणजे आमच्या चळवळीचा...’”

पुढे शब्द येईना. त्यानं घसा खाकरला.

“‘हमीद म्हणजे...’”

कागद खाली आला.

“नाही जमत, अक्का.”

“का रे?”

“भर सभेत मला मिंधा म्हणाला तो! शालीचा मिंधा. शेकडो लोकांसमोर.”

“ते पत्र दोघांचं होतं. मिंधा हा शब्द दत्तोबाचा. हमीदनं वाचून दाखवला एवढंच.”

वामनला हे माहीत नव्हतं.

“दत्तोबाची गोष्ट वेगळी,” तो शेवटी म्हणाला.

“वेगळी कशी?”

“वेगळी म्हणजे... दत्तोबा आता...”

वाक्य तोंडातच राहिलं. आपण काय म्हणायला निघालो होतो ते त्याला कळलं. त्याला अक्कांचा राग आला. म्हातारीनं बोलावून घेऊन अपमान केल्यासारखा राग आला, आणि तिनं बोलावलं नव्हतं, आपणच आलो, हे आठवून तो आणखी वाढला.

अक्का वाट बघत होत्या. बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं.

“जाईन मी त्याच्याकडे,” वामन म्हणाला. “जायचंच आहे. मी काय दगड आहे? पण आता एवढा अंक हातावेगळा होऊ दे. शोकसभा पार पडू दे. मग सवडीनं, निवांत...”

“डॉक्टर म्हणालेत, फार दिवस नाहीत.”

“हो, ऐकलंय मी.”

“तरी सवडीनं?”

वामन कागदांच्या कडा जुळवत बसला. जुळलेल्याच होत्या, तरी जुळवत बसला.

“अशा अवस्थेत गेलं की माणसाला त्रासच होतो, अक्का. जुनं उकरलं जातं. त्याच्या तब्येतीच्या दृष्टीनंही...”

अक्कांनी मान हलवली. पटल्यासारखी हलवली, आणि वामनला हायसं वाटलं. तो उठला. वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“मग शोकसभेला येताय ना?”

“संध्याकाळी हमीदची बायको येते इकडे,” अक्का म्हणाल्या. “तिच्यापाशी निरोप देते त्याला. म्हणावं, वामनची वाट बघू नकोस. तू गेलास की येईल तो.”