गिळलेली हाक

त्रेतायुगाचे पहिले चरण चालू होते. पर्वतांना अजून आपल्या उंचीचा गर्व होता आणि ऋषींना आपल्या व्रतांचा. त्या काळी विंध्याच्या दक्षिणेस शुभ्रतोया नावाची नदी वाहत असे. ग्रीष्मात ती इतकी आटे, की तिच्या मधल्या वाळवंटात हरिणे निवांत बसत. तिच्या उंच तीरावर, अर्जुनवृक्षांच्या छायेत धृतव्रत मुनींचा आश्रम होता. वाग्देवीच्या प्रसन्नतेसाठी मुनींनी तपभराचे मौन धरले होते. व्रत पुरे झाले की त्यांचा शब्दन्‌शब्द खरा होणार होता, आणि त्या शब्दाने ते रोगपीडितांना बरे करणार होते. हेतू चांगलाच होता. फार मोठे अनर्थ चांगल्या हेतूनेच होतात.

हविष्मती ही त्यांची सून. तिचा पती दूरच्या राजाच्या यज्ञाला ऋत्विज म्हणून गेला आणि तिकडेच ज्वराने वारला. तिच्यापाशी उरली चिमुरडी लेक पृश्नी आणि न बोलणारे सासरे. पृश्नीने आजोबांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. म्हणून त्यांची उत्तरेही तीच द्यायची, आवाज जाड करून. "आजोबा, भूक लागली? हो पृश्नी, फार लागली. मग बोरं मला द्या. घे पृश्नी, सगळी घे." मुनींच्या मिशीतले हसू व्रतात बसत होते की नाही, हे शास्त्रालाच ठाऊक.

व्रताच्या अखेरच्या दिवशी सकाळीच शेजारच्या आश्रमातले वृद्ध ऋषी दीर्घकूर्च आले. त्यांची दाढी कमरेपर्यंत होती आणि उपदेश दाढीहून लांब. ते म्हणाले, "धृतव्रता, आज इंद्र स्वस्थ बसणार नाही. अप्सरांना तू भुलला नाहीस. आज तो तुझ्या सर्वांत लाडक्या माणसाचे रूप पुढे करील. ते रूप रडेल, बुडेल, जळेल. तू डोळे मिट. ती माया असेल."

अंगण सारवता सारवता हविष्मतीने विचारले, "आणि महर्षे, माया नसली तर?"

"वत्से, तू समिधा आण. व्रताचे शास्त्र आम्ही पाहतो."

तिने ओठ आवळले. निघताना तिने पृश्नीचा हात सासऱ्यांच्या हातात दिला. "तात, हिला नदीत उतरू देऊ नका." मुनींनी मान हलवली, आणि तेवढ्या हलण्यावर ती विसंबली.

आश्रमावर आकाश निरभ्र होते. पण दूर उगमाकडच्या पर्वतावर मेघ फुटला होता. हविष्मतीने अरण्यात तो घोष ऐकला. मोळी टाकून ती धावली. तीरावर पोहोचली तेव्हा वाळवंट उरलेच नव्हते. तांबडे, फेसाळ पाणी दोन्ही काठांना धडका देत चालले होते. अर्जुनवृक्षाखाली मुनी पद्मासनात बसले होते, डोळे घट्ट मिटून.

"तात, पृश्नी कुठे आहे?"

मुनी हलले नाहीत. तिने त्यांचे खांदे धरून गदागदा हलवले, आक्रोश केला, त्यांच्या पायांवर कपाळ आपटले. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. तेव्हा तिला कळले, की तीही त्यांना माया वाटत आहे. मग ती एकटीच काठाकाठाने धावत गेली. परतली तेव्हा तिच्या कुशीत पृश्नी होती, आणि पृश्नीच्या मुठीत वाळू.

सूर्य अस्ताला गेला. व्रत पुरे झाले. दीर्घकूर्च पुष्पमाला घेऊन आले आणि हविष्मतीच्या कुशीतली पृश्नी पाहून जागीच थबकले. शुभ्र तेज पसरले. भगवती वाग्देवी प्रकट झाली. मुनींनी डोळे उघडले, आणि तपभरानंतर त्यांच्या मुखातून पहिले शब्द निघाले ते असे: "पृश्नी कुठे आहे?"

हविष्मतीने फक्त पदर बाजूला केला.

मुनी म्हणाले, "मी ध्यानात असता तिने हात सोडवला. डोळे उघडले तो ती वाळवंटात होती, आणि वळणावर पाण्याची भिंत. एक हाक पुरे होती. हाक कंठापर्यंत आली. मायेला सावली नसते म्हणतात, म्हणून मी तिची सावली शोधली. मध्यान्ह होती, सूनबाई. सावली पायांखाली होती. मी हाक गिळली."

दीर्घकूर्च चाचरत म्हणाले, "विधिलिखित कोणाला टळले आहे? व्रत तरी अखंड राहिले."

"महर्षे," हविष्मती म्हणाली, "ते अखंड व्रत आता कुठे ठेवता? मांडीवर घेऊन जोजवता?" मग ती देवीकडे वळली. "हिला उठव."

"मुली, मृत्यूपलीकडे माझी पोच नाही," देवी म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "आणि धृतव्रता, मी वाणी आहे. मला कोंडल्यावर मी कशी प्रसन्न होईन? माझ्यासाठी म्हणून तू माझाच गळा दाबलास."

हविष्मतीने कमंडलूतले पाणी ओंजळीत घेतले. "या कंठाने जी हाक गिळली," तिने शापले, "त्या हाकेला रात्रंदिवस विसावा न मिळो. तिला झाडावर थारा नसो. ती याच वाळूत तळमळत राहो."

मुनींनी मस्तक लववले. "शाप योग्य आहे. देवी, वर द्यायचाच असेल तर एवढाच दे. माझा आवाज काढून घे, आणि जो काहीही झाले तरी गप्प बसणार नाही, त्याला दे."

देवी म्हणाली, "याने भक्तीत चूक केली, तू दुःखात शाप दिलास. दोन्ही मला परत फिरवता येत नाहीत. पण वायाही जाऊ देणार नाही."

तिने मुनींच्या कंठाला स्पर्श केला. एक हाक त्यातून सुटली आणि वाळूवर उतरली तेव्हा ती पक्षीण झाली होती: कंठ काळा, डोळ्यांपुढे रडून झाल्यासारखी लाली, पाय उंच. ती झाडावर बसली नाही. झोपलीही नाही. मुनी पुढे कधी बोलले नाहीत. हविष्मतीही त्यांच्याशी बोलली नाही. मात्र त्यांच्यापुढे पान वाढत राहिली.

पुढच्या वर्षी भर उन्हात, निरभ्र आकाशाखाली, वाळवंटात टिटवी एकाएकी किंचाळत उठली. एका धीवर स्त्रीची लेक तिथे शिंपले वेचत होती. आईने दचकून मान वर केली, वळणावर पाणी पाहिले, आणि लेकीला ओढत काठावर आणले. धापा टाकत ती काठावर उभ्या असलेल्या हविष्मतीला म्हणाली, "बाई, हे पाखरू मेलं काय कर्कश! काळीजच फाटलं माझं." आणि पक्षिणीवर भिरकावायला तिने खडा उचलला.

हविष्मतीने तिचा हात धरला.

"मारू नकोस. ती आमच्या घरची आहे."

धीवरीण लेकीला कडेवर घेऊन गेली. लेक रडत होती, हातपाय झाडत होती. ते रडणे ऐकू येईनासे होईपर्यंत हविष्मती तिथेच उभी राहिली.

तेव्हापासून टिटवी नदीकाठी उघड्या भूमीवर राहते आणि चाहूल लागताच साऱ्या रानाला जागे करते. थोर माणसे तिच्या ओरडण्याला अपशकुन म्हणतात. थोरांना सावध करणारा आवाज कधी गोड लागलाय? त्या ओरडण्याने किती आयांची लेकरे पुराआधी घरी आली, त्याची गणती नाही. ज्या एका लेकीसाठी ती हाक होती, तिनेच मात्र ती ऐकली नाही.