नागवणीचा माळ

गावाच्या उगवतीला हा उघडा माळ आहे. नाव ऐकून पाहुणे आधी पायाखाली बघतात. मग म्हातारे कोंडिबा सणगर सांगतात, की इथे नाग कधीच नव्हते. नाव पडलं ते नागवण्यावरून, एखाद्याचं होतं नव्हतं ते काढून घेण्यावरून.

फार जुनी गोष्ट. साळूबाई नावाची सणगरीण होती. नवरा गेल्यावर चाळीस मेंढरं आणि घोंगड्या विणायचा माग, एवढ्यावर तिनं घर धरून ठेवलं होतं. मेंढरं या माळावर चरत. गढीच्या सरदाराला म्हणे तोच माळ घोड्यांसाठी हवा होता. ती हटेना, तेव्हा त्याच्या माणसांनी दिवाळीत मेंढरं हाकून नेली आणि पौषात माग मोडून जाळला. सगळं भरदिवसा झालं. गाव दारातून बघत होतं.

पुढे राजाचा कारभारी चौकशीला आला. साळूबाईला काही विचारायच्या आधीच कारकुनानं लिहिलं, 'दैवयोगाने दरिद्री झाली.'

ती म्हणाली, "दैवानं न्हाई. मला नागवलंय. तसं लिवा."

"कोणी?" कारभाऱ्यानं विचारलं.

तिनं सरदाराचं नाव घेतलं. कारभारी जमलेल्या गावाकडे वळला. "खरं आहे का हे?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिचा सख्खा दीर मल्हारी समोरच बसला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तो पागोट्याचं सुटलेलं टोक खोचत राहिला. कारकुनाची ओळ तशीच राहिली.

मेंढरं गेली तेव्हा ती रडली नव्हती, असं सांगतात. त्या दिवशी रडली. अंगावरची घोंगडी काढून तिनं दिराच्या पुढ्यात ठेवली. "एवढीच ऱ्हायली हुती, भावजी. ही बी घ्या." आणि त्या कडाक्याच्या थंडीत ती माळ चढून गेली.

तिसऱ्या दिवशी मल्हारी घोंगडी घेऊन शोधायला निघाला. दगडाच्या आडोशाला ती बसलेली सापडली, गारठून मेलेली. त्यानं तिच्यावर घोंगडी पांघरली आणि सरदाराचं नाव घेऊन ओरडत राहिला. ऐकायला माळावर कुणी नव्हतं.

आजही या गावात 'गरीब झाला' असं कुणी म्हणत नाही. 'नागवला' म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानं 'कुणी?' असं विचारायचंच. मग नाव सांगावं लागतं. कोंडिबा म्हणतात, आजवर नावं पुष्कळ सांगून झाली. गेलेलं परत आलेलं मात्र त्यांनी कुणाचंच पाहिलं नाही.