मधली मोकळी जागा

"मधे ही जागा मोकळी काहून सोडलीस?"

गुडघाभर पाण्यात वाकून लाकडी बदकं मांडणाऱ्या कोलबाने मान वर केली. काठावर नूरशहा फकीर घोंगडी पांघरून बसले होते.

कोलबा डोंगरवार त्या तलावाकाठच्या गावचा मालगुजार. शिकारीत त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. सावरीच्या हलक्या लाकडाची बदकं तो स्वतः कोरायचा, स्वतः रंगवायचा. त्याच्याच कुत्र्याने एकदा त्यातलं एक तोंडात धरून आणलं होतं, हे तो भेटेल त्याला सांगायचा.

पावसाळा संपल्यापासून तो फकिरांच्या मागे लागला होता. मला पदरात घ्या, शिष्य करा. "आधी तुझी विद्या दाखव," एवढंच फकीर म्हणाले होते. म्हणून आज दोघं तांबडं फुटताना इथे आले होते.

"येणाऱ्यांसाठी," कोलबा म्हणाला. प्रश्नाने तो खुलला. "ही लाकडी कडेकडेनं लावायची, तोंडं वाऱ्याकडे. दोरीला दगड बांधला की वाहून जात नाहीत. एखादं पंखात मान खुपसून झोपलेलं ठेवायचं. ते दिसलं की वरच्यांची भीती जाते. मग ती बरोबर मधल्या पाण्यात उतरतात."

"आणि बंदूक?"

"तिथंच रोखलेली."

"असं..."

फकीर उठले. घोंगडी काढून ठेवली. पाण्यात शिरले, कोलबाच्या अंगावरून पुढे गेले आणि त्या मोकळ्या जागेत खाली बसले. गळ्यापर्यंत.

"बाबा! हे काय? बाहेर या, गारठून मराल!"

फकिरांनी डोळे मिटले.

तेवढ्यात वर पंखांचा आवाज झाला. कोलबा सवयीनेच धावत गवताच्या आडोशामागे गेला. त्याला संताप आला होता. म्हाताऱ्याने सकाळ नासवली.

पण थवा फिरला नाही. त्याने एक मोठी घिरटी घातली, खाली आला, पाय पुढे करून फकिरांच्या भोवती उतरला. एक बदक इतकं जवळ की पाणी त्यांच्या तोंडावर उडालं. फकीर हलले नाहीत.

कोलबाने बंदूक खांद्याला लावली. नेमापुढे बदक, बदकामागे पांढरी दाढी.

त्याने नळी सरकवली. पुन्हा दाढी.

 

त्याने बंदुकीची नळी खाली मोडून उघडली आणि काडतुसं काढून खिशात टाकली. त्या खटक्यासरशी थवा उडाला.

मग तो पाण्यात गेला. फकिरांना दंडाला धरून काठावर आणलं, घोंगडी पांघरली, वाळक्या गवताचा जाळ केला. म्हाताऱ्याचे दात वाजत होते.

"माझं बोट दाबलं गेलं असतं तर?"

फकिरांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

"बोला ना, बाबा. काहून बसलात तिथं?"

"बाकीची निवांत बसलेली दिसली," फकीर म्हणाले. "भीती गेली. उतरलो."

कोलबाचा चेहरा लाल झाला.

"माझी थट्टा नका करू. मी तुमच्याकडं मनापासून आलो."

"माझ्याकडंच काहून?"

"काहून म्हणजे? गुरुवारी तुमच्या झोपडीपुढं माणसं बसतात. डोळे मिटून, हूं नाही की चूं नाही. इतकी शांत... ती पाहिली अन् मला वाटलं..."

कोलबाची नजर पाण्यातल्या लाकडी बदकांकडे गेली. जाळात गवत तडतडत होतं.

फकिरांनी दोन्ही हात शेकले, तोंडावरून फिरवले.

"त्यांतला एखादा," त्यांनी विचारलं, "कधी हललेला पाहिलास?"