रीलची सुरुवात

कुडाळला हेमाताई पेडणेकरांनी खानावळ उघडली, पण महिना झाला तरी गिऱ्हाईक जेमतेमच. एका दुपारी दोन लाख फॉलोअर्सवाले शार्दूलराव येऊन जेवले आणि हात धुऊन म्हणाले, "ताई, दर रविवारी माझ्या मित्रांना फुकट जेवण द्या. नाहीतर आजच रील टाकतो, इथलं कालवण तोंडात घालवत नाही म्हणून!"

हेमाताई शांतपणे म्हणाल्या, "टाका की. फक्त सुरुवात तुमच्या ताटापासून करा. अजून उचललेलं नाही मी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ताटात तीन बांगड्यांचे काटे उरले होते आणि कालवणाची वाटी चाटूनपुसून लख्ख होती. शेजारच्या टेबलावर जेवणारे एक मास्तर खो खो हसले. ओशाळलेल्या शार्दूलरावांनी शेवटी त्याच ताटाचं रील टाकलं.

दुसऱ्या दिवशी हेमाताईंना भात दोनदा लावावा लागला.